वारा फिरला की पक्षी निघतो: अमूर ससाण्याचा समुद्रप्रवास आणि त्यामागचं हवामान

नोव्हेंबरात लोणावळ्याच्या कड्यांवरून, घाटमाथ्याच्या गवताळ सड्यांवरून आणि कोकणपट्टीवरून एक लहानसा शिकारी पक्षी समुद्राकडे निघून जातो. तो म्हणजे अमूर ससाणा. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, आकार कबुतराहून जरा लहान. हा पक्षी पिल्लं वाढवतो आग्नेय सैबेरिया, ईशान्य चीन आणि मंगोलियाच्या पूर्व भागात, आणि आपला हिवाळा असतो तेव्हा तो आफ्रिकेच्या दक्षिण भागात असतो. वाटेत नागालँड-मणिपूरमध्ये लाखोंच्या संख्येने थांबतो, मग देश ओलांडून अरबी समुद्रावर झेपावतो आणि थेट सोमालियाच्या किनाऱ्याला लागतो. उपग्रह टॅग लावलेल्या ससाण्यांनी ईशान्य भारत ते सोमालिया हे पाच-साडेपाच हजार किमी अंतर पाच-सहा दिवसांत, कुठेही न थांबता कापलेलं आहे.

निव्वळ पंखांच्या ताकदीवर हे होत नाही. हवामान साथीला असावं लागतं, आणि ती साथ कशी मिळते ते नीट समजून घेण्यासारखं आहे. स्थलांतराचा महिना ठरतो दिवसाच्या लांबीवरून. दिवस लहान होऊ लागला की पक्ष्याच्या शरीरातली संप्रेरकं बदलतात, भूक वाढते, चरबी साठते, एक अस्वस्थता येते. हे वेळापत्रक पक्कं असतं. पण त्या महिन्यातला नेमका कुठला दिवस, कुठली वेळ आणि किती उंची, हे वारा ठरवतो.

आधी साधा हिशोब पाहू. वाहत्या नदीत पोहणाऱ्याचा काठाच्या मानाने वेग जसा प्रवाहावर ठरतो, तसं उडणाऱ्या पक्ष्याचं असतं. समजा ससाणा हवेत ताशी ४५ किमी वेगाने उडतो. कोकण किनाऱ्यापासून सोमालियाच्या टोकापर्यंतचं अंतर सुमारे २,५०० किमी धरू. वारा अजिबात नसेल तर साधारण ५५ तास लागतील. पाठीमागून ताशी २० किमीचा वारा असेल तर जमिनीच्या मानाने वेग होतो ६५, आणि वेळ ३८ तासांवर येतो. हाच २० किमीचा वारा समोरून आला तर वेग उरतो २५, आणि प्रवासाला १०० तास लागतात. वारा तेवढाच, फक्त दिशा उलटी, आणि वेळ अडीच पटीहून जास्त.

आता इंधन. सलग उडताना पक्षी दर तासाला शरीराच्या वजनाच्या साधारण अर्धा ते एक टक्का गमावतो. ३८ तासांना ते परवडतं, कारण निघण्यापूर्वी भरपूर चरबी चढवलेली असते. चरबी हे इंधन म्हणून फार सोयीचं आहे: एका ग्रॅममागे नऊ किलोकॅलरी ऊर्जा मिळते आणि ती जळताना जवळपास एक ग्रॅम पाणीही शरीरात तयार होतं, म्हणून समुद्रावर प्यायला पाणी नसलं तरी निभावतं. पण १०० तासांचा हिशोब मांडला तर निम्म्याहून जास्त वजन जाळावं लागेल. ते शक्य नाही. म्हणजे समोरचा वारा असताना समुद्र ओलांडायला निघालेला पक्षी थकतो एवढ्यावर भागत नाही, तो बहुधा पोचतच नाही.

आडव्या वाऱ्याचं दुखणं वेगळं. बाजूने ताशी २० किमीचा वारा ४० तास लागत राहिला आणि पक्ष्याने रोख बदलून भरपाई केली नाही, तर तो ८०० किमी भरकटतो. जमिनीवर नदी, डोंगररांग, किनारा बघून आपण सरकतोय हे त्याला कळतं. उघड्या समुद्रावर खूण कसली धरणार? म्हणून समुद्र ओलांडणाऱ्या पक्ष्याला वाऱ्याचा जोर जितका महत्त्वाचा तितकीच दिशा महत्त्वाची.

मग ससाण्याला हवा तसा वारा मिळतो कधी? मोसमी पाऊस माघारी गेल्यावर. भारतीय हवामान विभाग वायव्य भारतातून मान्सून परतला असं जाहीर करतो ते तीन गोष्टी बघून: सलग पाच दिवस पाऊस नाही, हवेतली आर्द्रता बरीच घटली आहे, आणि सुमारे दीड किमी उंचीवर प्रत्यावर्त, म्हणजे जास्त दाबाचं क्षेत्र, तयार झालं आहे. उत्तर गोलार्धात प्रत्यावर्ताभोवती वारे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात. राजस्थान-गुजरातच्या आसपास असं क्षेत्र बसलं की त्याच्या पूर्वेच्या अंगाला वारा उत्तरेकडून येतो आणि दक्षिणेच्या अंगाला पूर्वेकडून. म्हणजे मध्य भारतावर पक्षी दक्षिणेकडे ढकलला जातो आणि महाराष्ट्रावर पोचता पोचता पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने. हवामान विभागाचे निकष माणसांच्या सोयीसाठी आहेत, पण कोरडी हवा, निरभ्र आकाश आणि पाठीमागून येणारा वारा हे तिन्ही ससाण्यालाही हवंच असतं.

मान्सूनच्या माघारीची सर्वसाधारण तारीख पश्चिम राजस्थानात १७ सप्टेंबर, मुंबईत ८ ऑक्टोबर, आणि १५ ऑक्टोबरपर्यंत सगळा देश मोकळा. पण वर्षावर्षात फरक पडतो. २०१९ साली ही माघार सुरूच झाली ९ ऑक्टोबरला. अशा वर्षी ‘पक्षी अजून कसे आले नाहीत’ ही चर्चा रंगते तेव्हा आधी वाऱ्याचा नकाशा उघडून बघावा. पुष्कळदा उत्तर तिथेच मिळतं.

ईशान्येतला मुक्कामसुद्धा हवामानाशी बांधलेला आहे. नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग जलाशयाभोवती ऑक्टोबर-नोव्हेंबरात जमिनीतून वाळवीचे पंखवाले किडे थव्याने बाहेर पडतात. ससाणे त्यांच्यावरच चरबी चढवतात. २०१२ साली इथे जाळी लावून मोठ्या प्रमाणावर शिकार होत असल्याचं उघड झालं, आणि पुढच्याच वर्षी पांगती आणि आसपासच्या गावांनी ती थांबवली. याचं मोल शब्दांत सांगणं कठीण आहे. २०१३ मध्येच तीन ससाण्यांच्या पाठीवर पाच ग्रॅमचे सौरऊर्जेवरचे टॅग बसवले गेले. त्यांची नावं नागा, वोखा आणि पांगती. पाच ग्रॅम म्हणजे पक्ष्याच्या वजनाच्या तीन-साडेतीन टक्के. याहून फार जड टॅग लावला तर उड्डाणावर परिणाम होतो, आणि मग जी माहिती मिळते ती टॅग वाहणाऱ्या दमलेल्या पक्ष्याची असते.

समुद्रावर ससाणा एकटा नसतो. ग्लोब स्किमर नावाचा पिवळसर चतुर याच सुमारास भारतातून निघून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेकडे जातो. चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये हे मांडलं. मालदीवच्या प्रवाळ बेटांवर पृष्ठभागावर गोडं पाणी जवळपास नसतं, म्हणजे चतुरांची वाढ तिथे होणं अवघड. तरीही ऑक्टोबरात तिथे ते प्रचंड संख्येने उगवतात. त्यातली गंमत अशी की त्या दिवसांत मालदीवमध्ये जमिनीलगतचा वारा पश्चिमेकडून येत असतो, म्हणजे भारतातून येणाऱ्याला तो समोरचाच. कोडं सुटतं ते उंचीमुळे. हजार मीटरच्या वर गेलं की वारा ईशान्य-पूर्वेकडून वाहतो. चतुर त्या थरातून जातात, आणि त्यांना खात ससाण्यांनाही तो पल्ला निभावता येतो असं मानलं जातं. एकाच जागी, एकाच वेळी, वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगळा असतो, हे लक्षात आलं की स्थलांतराची निम्मी कोडी उलगडतात. अंगणातल्या झाडाची पानं कुठे हलतायत यावरून दीड किमी उंचीवरचा वारा सांगता येत नाही.

उडण्याची वेळही हवाच ठरवते. गरुड, घारींसारखे रुंद पंखांचे पक्षी पंख फारसे न हलवता ऊन तापल्यावर वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतांवर घिरट्या घेत उंची मिळवतात आणि मग घसरत पुढे जातात. दख्खनच्या पठारावर स्वच्छ दिवशी हे झोत साधारण साडेनऊ-दहाला बांधले जातात आणि दुपार उतरली की विरतात. ढगाळ दिवशी ते मिळत नाहीत, समुद्रावर फार कमी मिळतात. त्यामुळे मोठे गरुड शक्यतो जमिनीवरून, लांबचा वळसा घेऊन जातात. छोटे गाणारे पक्षी याच्या नेमकं उलट, रात्री निघतात. रात्री हवा शांत आणि गार असते, शरीर तापत नाही, पाणी कमी खर्च होतं आणि दिशेसाठी तारे असतात.

पण ‘पाठीमागचा वारा तो चांगला वारा’ हा नियम जसाच्या तसा धरला तर फसगत होते. पट्टकादंब हे याचं उत्तम उदाहरण. हिवाळ्यात जायकवाडीसारख्या जलाशयांवर दिसणारी ही हंसं वसंतात हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे जातात. हिमालयाच्या दक्षिण उतारावर दिवसा दरीतून वर वाहणारा वारा असतो. कोणालाही वाटेल की पक्षी त्यावर स्वार होत असणार. टॅग लावून पाहिलं तर ते बहुतेकदा रात्री आणि पहाटे चढताना आढळले, जेव्हा हा वारा पडलेला असतो. कारण गार हवा दाट असते: पंखाला उचल जास्त मिळते आणि प्रत्येक श्वासात प्राणवायूही जास्त. दुपारची हवा विरळ आणि धक्के देणारी. वाऱ्याची मदत सोडून त्यांनी स्थिर हवा निवडली. शिवाय ही हंसं एकदम उंची गाठून सरळ जात नाहीत. खालच्या डोंगराच्या चढउताराप्रमाणे स्वतःही वरखाली होत जातात, कारण विरळ हवेत टिकून राहण्यापेक्षा खाली उतरून पुन्हा चढणं स्वस्त पडतं. त्या अभ्यासात नोंदलेली सर्वाधिक उंची ७,२९० मीटर होती, पण बहुतेक उड्डाण त्याच्या पुष्कळ खालीच झालं.

परतीच्या वाटेवर वारा बाजू बदलतो. अमूर ससाणे एप्रिल-मेमध्ये सोमालियाहून पुन्हा अरबी समुद्रावर येतात, तेव्हा नैर्ऋत्येचे वारे धरायला लागलेले असतात. जूनच्या सुमारास सोमालियाच्या किनाऱ्यालगत सुमारे दीड किमी उंचीवर या वाऱ्याचा जोरदार झोत बांधला जातो आणि तोच आपला पाऊस घेऊन येतो. चातक याच मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत पूर्व आफ्रिकेकडून येतो. चातक दिसला की पाऊस जवळ आला असं शेतकरी मानतात आणि त्यात तथ्य आहे, पण चातकाला भविष्य कळतं म्हणून नव्हे. पक्षी आणि पाऊस दोघांनाही इकडे आणणारा वारा एकच आहे. अंदाज म्हणून वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दक्षिण भारतात चातकाची एक उपजात बारमाही राहते, तिचा या प्रवासाशी संबंध नाही. आणि ‘पेरते व्हा’ ओरडणारा पावशा हा निराळा पक्षी. तो बहुतांशी इथलाच, मान्सूनपूर्व दिवसांत ओरडायला लागतो एवढंच. चातकाचं येणं पावसाशी जुळण्यामागे खाणंही आहे: पहिल्या सरींनंतर केसाळ सुरवंट वाढतात, आणि ज्यांच्या घरट्यात तो अंडी घालतो ते सातभाई याच काळात घरटी करतात. पेरणी मात्र जमिनीतली ओल बघूनच करावी.

आता बिघडतं कुठे ते पाहू. पाऊस आणि धुकं ही पहिली अडचण. पिसं भिजली की वजन वाढतं, ऊब जाते. ढग खाली आले की तारे आणि खुणा दोन्ही झाकल्या जातात, पक्षी खालून उडू लागतात आणि उजेडाकडे ओढले जातात. आसाममधल्या जातिंगा गावात सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या अंधाऱ्या, धुक्याच्या, भुरभुर पावसाच्या रात्री पक्षी दिव्यांवर येऊन कोसळतात. त्याला ‘पक्ष्यांची आत्महत्या’ म्हणणं साफ चूक आहे. तिथे अमावास्येजवळच्या रात्री, धुकं, ठराविक वारा आणि कृत्रिम उजेड हे सगळं एकत्र आलं तरच ते घडतं. आणि सापडणारे पक्षी लांब पल्ल्याचे स्थलांतरित नसून बगळ्यांच्या कुळातले, खंड्या, नवरंग असे आसपासचे असतात. उजेड काढून घेतला तर ही साखळी तुटते. घाटमाथ्यावरची हॉटेलं आणि टॉवर यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या धुक्याच्या रात्री वर फेकले जाणारे झोत बंद ठेवले तरी पुष्कळ झालं.

दुसरी अडचण चक्रीवादळं. अरबी समुद्रात ती वर्षातून दोनदा जोर धरतात: मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. ससाण्याच्या दोन्ही समुद्रफेऱ्या नेमक्या याच खिडक्यांत किंवा त्यांच्या काठावर पडतात. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन वादळं काही काळ एकाच वेळी अरबी समुद्रावर होती. वादळात काय होतं ते दिशेवर अवलंबून असतं. आपल्याकडे आवर्ताभोवती, म्हणजे कमी दाबाच्या क्षेत्राभोवती, वारे घड्याळाच्या उलट फिरतात, म्हणजे केंद्राच्या उत्तरेला वारा पूर्वेकडून आणि दक्षिणेला पश्चिमेकडून. आफ्रिकेकडे निघालेला पक्षी वादळाच्या उत्तरेकडून, बरंच अंतर राखून गेला तर त्याला ढकलच मिळते. दक्षिणेकडून गेला तर तोंडावर वारा. त्यामुळे ‘वादळ आलं म्हणजे पक्षी मेले’ असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. जास्त पाऊस झाला म्हणजे पाणपक्ष्यांची चंगळ असं वाटतं, पण तुतवार-टिलव्यांना पाय बुडेल एवढंच, चारपाच सेंटिमीटरच्या आतलं पाणी आणि उघडा चिखल लागतो. तलवार बदक, थापट्या यांना वीत-दीड वीत. उजनी काठोकाठ भरलेली असेल तर ऑक्टोबरात भिगवणला चिखल उघडाच पडलेला नसतो. पाणी ओसरेल तसे पक्षी वाढत जातात. शिवाय गावोगावची तळी भरलेली असली की बदकं विखुरतात आणि मोठ्या जलाशयावर कमी दिसतात. ठाण्याच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांचंही तसंच: कच्छच्या रणात पाणी टिकून राहिलं तर त्यांना तिकडून हलायची घाई नसते. एकाच ठिकाणची मोजणी करून ‘यंदा पक्षी घटले’ म्हणणं म्हणूनच धोक्याचं.

स्वतः अंदाज बांधायचा असेल तर वाऱ्याचा नकाशा दाखवणारं कुठलंही ॲप चालेल, मात्र पृष्ठभागाचा वारा पाहू नका. उंचीच्या पर्यायात ८५० हेक्टापास्कल (हे हवेच्या दाबाचं माप) निवडा. ती साधारण दीड किमीची पातळी. किनाऱ्यावर बसणार असाल तर ९२५, म्हणजे सुमारे ७५० मीटर, हीही पाहा. घाटमाथ्यावर ती पातळी डोंगराच्याच उंचीत येते, तिचा उपयोग नाही. वाऱ्याचं नाव तो जिथून येतो त्या दिशेवरून पडतं, इथे नवख्यांचा हमखास घोळ होतो: ४५ अंश लिहिलं असेल तर तो ईशान्येकडून येणारा वारा. वेग नॉटमध्ये असेल तर १.८५ ने आणि मीटर प्रति सेकंदात असेल तर ३.६ ने गुणा, म्हणजे ताशी किलोमीटर मिळतील. नोव्हेंबरात दोन-तीन दिवस पाऊस किंवा उलटा वारा राहून मग आकाश उघडलं आणि ८५० वर पूर्व-ईशान्येचा ताशी १५ ते ३० किमीचा वारा धरला, की पहिले दोन दिवस सोडू नका. अडकलेले पक्षी एकदम सुटतात. कोकणात सकाळी मतलई वारे समुद्राकडे आणि दुपारी खारे वारे जमिनीकडे वाहतात, पण हा खेळ जमिनीलगतच्या थरातला आहे. त्यावरून वरच्या वाऱ्याचा निष्कर्ष काढू नये. ससाणे ओळखायला नर सोपा: अंग राखाडी, पंखांखालचा पुढचा भाग पांढरा, मांड्या आणि शेपटीखालचा भाग तांबूस. मादीच्या पांढुरक्या छातीवर काळे फराटे असतात. पाय दोघांचेही नारिंगी-लाल. चतुरांचे थवे दिसले तर त्यांच्या वर नजर ठेवा.

पावसाळ्यात, विशेषतः जोरदार नैर्ऋत्य वाऱ्यानंतर किंवा वादळानंतर, मास्क्ड बूबी, सूटी टर्न यांसारखे खोल समुद्रातले पक्षी कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर थकून पडलेले सापडतात. त्यांना उचलून परत पाण्यात सोडू नका. दमलेला, पिसं खराब झालेला पक्षी लाटेत उलटतो आणि बुडतो. टॉवेल टाकून डोकं झाका, चोच तुमच्या डोळ्यांपासून लांब ठेवा, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात आणि शांत जागी ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. मासेही कोंबू नका. बूबीच्या चोचीला दोरी किंवा चिकटपट्टी कधीच बांधू नये, कारण तिला बाहेरून उघड्या नाकपुड्या नसतात, ती तोंडाच्या कडेनेच श्वास घेते. महाराष्ट्रात वन विभागाचा १९२६ हा क्रमांक लावा, आणि पक्षी नेमका कुठे, किती वाजता सापडला तेही सांगा.